गोष्ट तुझी, सांगणारे दुसरेच

ताई,
मी 27 वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. कॉलेजपासून आमचा सहा जणांचा ग्रुप आहे आणि त्यातला एक जण माझा सगळ्यात जवळचा मित्र. नऊ वर्षं झाली. गेल्या महिन्यात एका मैत्रिणीकडे सगळे राहायला गेलो होतो. रात्री ‘जाने तू... या जाने ना’ लावला. शाळेत असताना पाहिला होता, तेव्हा फक्त गाणी आवडली होती. या वेळी मात्र आत काहीतरी हललं. मध्येच कुणीतरी म्हणालं, “अरे, हे तर हे दोघंच!” मग शेवटपर्यंत तेच चाललं. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅप ग्रुपचं नाव बदलून सिनेमाचं नाव ठेवलं. तो हसला, बोलला काहीच नाही. तीन आठवड्यांनी त्याने सांगितलं, घरच्यांनी एक मुलगी दाखवली आहे, दोनदा भेटलोय, छान आहे. परवा सिग्नलला तो दिसला. मागे ती बसली होती आणि तिच्या डोक्यावर माझं हेल्मेट होतं. निळं, मागचा स्टिकर अर्धा सोललेला. ते कायम त्याच्या डिकीत असतं, माझ्यासाठी. त्या रात्री मला झोप लागली नाही. हे प्रेम आहे का? सिनेमातल्या अदितीलाही तिचा जिवलग मित्र जय दुसरीबरोबर दिसल्यावरच कळतं ना? त्याला सांगू का? की एका सिनेमामुळे मी त्याचं जुळत आलेलं मोडायला निघालेय?
— एक मैत्रीण

प्रिय मैत्रिणी,

वयाने मोठी आहे, म्हणून सरळ अगं-तूगं करते. तुझं पत्र तीनदा वाचलं. शेवटी तू चार प्रश्न विचारलेस, पण माझं लक्ष पुन्हा पुन्हा त्या सोललेल्या स्टिकरवर गेलं. सिग्नल सुटायच्या आत, त्या एवढ्याशा वेळात, तुला स्टिकर दिसला. तुला लागलंय हे मला तिथेच कळलं. ते खोटं नाही आणि सिनेमामुळे तर मुळीच आलेलं नाही. म्हणून ‘एका सिनेमामुळे’ असं स्वतःला म्हणणं आधी बंद कर.

फक्त एवढं लागलं म्हणजे ते प्रेमच, असं लगेच म्हणता येत नाही. त्यासाठी थोडं सिनेमाबद्दल बोलावं लागेल, कारण तुझ्या पत्रात तो तुझ्या आणि त्या मुलाच्या मध्ये येऊन बसलाय.

तुझ्यासाठी परवा तो मी पुन्हा पाहिला. 2008 च्या जुलैत आला होता तेव्हा थिएटरात पाहिला होता आणि बाहेर पडताना रहमानची गाणी गुणगुणत होते. अब्बास टायरवाला यांचा दिग्दर्शक म्हणून तो पहिलाच सिनेमा. अजूनही तो मला आवडतो. त्या ग्रुपची टवाळी खरी वाटते, कुणी उगाच मोठी वाक्यं बोलत नाही. भिंतीवरच्या फोटोतल्या नवऱ्याशी तावातावाने भांडणारी रत्ना पाठक शहा यांची सावित्री, जयची आई, तर पुन्हा बघतानाही तितकीच आवडली. आणि अदितीचा तो खोलीत चित्रं काढत बसणारा भाऊ! स्मिता पाटीलचा मुलगा म्हणून तेव्हा आम्ही प्रतीककडे डोळ्यांत प्राण आणून पाहिलं होतं. घरातला सगळ्यात तुसडा वाटणारा तो मुलगा बहिणीला तिच्या हसऱ्या मित्रमंडळींपेक्षा जास्त ओळखतो, हे या वेळी जास्त जाणवलं.

पण मला तुला दाखवायची आहे ती गोष्ट वेगळी. हा सिनेमा सांगतं कोण, हे तू पाहिलंस का? जय सांगत नाही. अदितीही सांगत नाही. त्यांचे मित्र विमानतळावर त्यांची वाट बघत बसलेत आणि सोबत आलेल्या एका नव्या मुलीला ते ही सगळी हकिगत सांगतात. तिचा या दोघांशी काही संबंध नाही, सुरुवातीला तर ती कंटाळलेलीच असते. तिला गोष्टीत ओढायचं म्हणजे गोष्ट रंगवून सांगायला हवी. शिवाय सांगणाऱ्यांना शेवट आधीच ठाऊक आहे. त्यामुळे त्या दोघांमधलं प्रत्येक भांडण, प्रत्येक रुसवा, एकाने दुसऱ्याकडे टाकलेली प्रत्येक नजर त्या शेवटाकडेच नेणारी दिसते. जे त्या शेवटात बसत नव्हतं, ते सांगणाऱ्यांनी गाळलं असेल. आपणही रंगवून सांगताना गाळतोच की.

आता तुझ्या मैत्रिणीच्या घरातली ती रात्र आठव. “हे तर हे दोघंच” म्हणणारा जो कुणी होता, तो त्या क्षणी विमानतळावरच्या मित्रांच्या जागी जाऊन बसला. तुमच्या नऊ वर्षांतून त्याने निवडून निवडून वेचलं, तुला ताप असताना तो रात्री औषध घेऊन आला होता ते, ट्रिपमध्ये तुम्ही दोघंच मागे राहिलात ते, वगैरे. (हे मी अंदाजाने लिहितेय, पण असंच काहीतरी निघालं असणार.) जे निवडलं नाही, ते कुणी आठवलंच नाही. त्या नऊ वर्षांत तू कुणावर तरी प्रेम केलं असशील. त्यालाही कुणी आवडली असेल. तेव्हा तू त्याला खुशाल चिडवलं असशील आणि रात्री शांत झोपली असशील. तसं झालं असेल, तर तेही तुझ्याच गोष्टीत आहे.

मित्रांची गोष्ट सांगायची हौस किती लांब जाऊ शकते, हे बघायचं असेल तर सई परांजपे यांचा 1981 चा ‘चष्मे बद्दूर’ बघ. एका खोलीत राहणारे तीन मित्र. दोघं एका मुलीच्या मागे जातात, दोघांचीही फजिती होते, आणि फजिती लपवायला दोघं तिच्याबद्दल रंगवून थापा मारतात. तिसरा, बिचारा फारूख शेख, तिच्या खरंच प्रेमात पडतो, तेव्हा त्याच थापा त्याच्या आड येतात. पुढे चूक निस्तरायला तेच मित्र धडपडतात. ती मुलं वाईट नाहीत, जीवही लावतात. पण त्या मुलीशी स्वतः बोलून खात्री करायची सोडून तो मित्रांनी सांगितलेलं खरं धरून बसतो आणि तिथे सगळं बिनसतं. एका सिनेमात मित्रांनी जोडी जुळवली, दुसऱ्यात मोडायला घेतली, आणि दोन्हीकडे त्या दोघांनी एकमेकांशी जे बोलायला हवं होतं ते उशिरा बोललं गेलं.

आता तुझ्या मुख्य प्रश्नाकडे येते. अदितीला जय मेघनाबरोबर दिसतो तेव्हा कळतं, हे खरं आहे. आपल्या हिंदी सिनेमाने ही युक्ती फार वेळा वापरली आहे. पडद्यावर मन दाखवता येत नाही, जळफळाट दाखवता येतो. एक तिसरी व्यक्ती आणली, हिरॉइनचा चेहरा उतरलेला दाखवला की प्रेक्षकाला काम झालेलं कळतं. माणसाच्या आयुष्यात मात्र मत्सर इतक्या वेगवेगळ्या कारणांनी होतो, की त्याला एकट्याला साक्षीदार धरून निकाल देऊ नये.

माझंच सांगते. पंचविशीत एका ऑफिसात होते. तिथल्या एका मित्राबरोबर रोज दुपारी डबा खायचे. त्याच्या आईची आमटी मला, माझी भाजी त्याला. चार वर्षं. त्याचं लग्न ठरलं आणि त्याने दुपारी घरी जायला सुरुवात केली. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मैत्रिणी म्हणाल्या, तुझं प्रेम होतं आणि तुला कळलं नाही. मीही महिनाभर तसंच मानलं, त्याच्या लग्नाच्या पत्रिकेकडे बघवेना. मग ऑफिसात एक नवीन बाई आल्या, वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. एक दिवस त्या समोर येऊन बसल्या, डबा उघडला आणि म्हणाल्या, घे. महिन्याभरात माझं रडू थांबलं. तेव्हा उमगलं की मला ती दुपार हवी होती. त्याच्या लग्नात मी अगदी मनापासून नाचले. आजही आमचं बोलणं आहे.

हे माझं झालं. माझ्याच एका बहिणीचं बरोबर उलटं झालं. तिचा मित्र दूर गेल्यावर तिने नव्या ओळखी केल्या, ट्रेकला गेली, कामात बुडाली, आणि प्रत्येक नव्या जागी तिला वाटायचं की हे त्याला दाखवायला हवं होतं. तिला दुपार भरून काढणारं कुणी भेटलं नाही. म्हणून तू माझ्यासारखी आहेस की तिच्यासारखी, ते मी इथे बसून सांगू शकत नाही. हेल्मेटवरून तर नाहीच. हेल्मेट म्हणजे तुझी जागा होती. जागा गेल्याचं दुःख मोठं असतं, ते मान्य कर, त्याला रड. पण एक प्रश्न स्वतःला विचार. त्याने उद्या तुझ्यासाठी नवं हेल्मेट आणून डिकीत ठेवलं, आठवड्यातून दोनदा पूर्वीसारखा भेटत राहिला, आणि लग्न मात्र तिच्याशी केलं, तर तुला पुरेल का? उत्तर लगेच देऊ नकोस. दोन-तीन दिवस घे.

आणि आणखी एक विचार, जो अशा सिनेमांत सहसा कुणी करत नाही. तुला त्याची ओढ आहे का, शरीराने? मोकळं विचारतेय, कारण पत्रात त्याबद्दल एक ओळही नाही. मित्र-मैत्रिणींच्या सिनेमात हा भाग हसण्याखिदळण्यात झाकला जातो आणि शेवटी एक मिठी दाखवली की पुरतं. संसारात ती मिठी रोजची असते. तो घामेजलेला घरी आला, चिडचिडा आहे, त्याची आई आजारी आहे, महिन्याचे पैसे संपलेत, आणि रात्री तो तुझ्या शेजारी आहे. हे चित्र डोळ्यांसमोर आण. जवळ सरकावंसं वाटतं की त्याला पाणी देऊन आपल्या खोलीत जावंसं वाटतं? दोन्ही उत्तरं चांगल्या माणसाची आहेत. फक्त ती वेगवेगळ्या नात्यांची आहेत.

सुरुवातीलाच अदितीचे आईवडील दोघांच्या लग्नाचा विषय काढतात आणि ते दोघं हसून उडवून लावतात, ते तुला आठवत असेल. सिनेमात ते हसू म्हणजे अज्ञान ठरतं, कारण पुढे दोन तास त्यांना तिथेच परत आणायचं असतं. तुम्हालाही नऊ वर्षांत घरच्यांनी, शेजारच्यांनी कधीतरी विचारलं असेलच. तेव्हा जे उत्तर दिलंत ते चुकीचंच होतं, असं आता धरून चालू नकोस. कधी कधी ‘नाही’ हे अगदी साधं ‘नाही’च असतं. आणि कधी माणूस खरंच बदलतो. अदितीचं काम करणाऱ्या जिनिलियाचंच बघ ना. ती आणि रितेश देशमुख 2003 साली पहिल्याच सिनेमात एकत्र आले आणि लग्न झालं 2012 मध्ये. तुझ्या ग्रुपमध्ये कुणीतरी हे उदाहरण दिलंच असेल. ते खरं आहे, पण त्या दोघांची वर्षं त्यांनी जगली आहेत. तुझ्या वर्षांचा हिशेब त्यातून निघणार नाही.

आता त्या दुसऱ्या मुलीबद्दल. सिनेमातल्या मेघनाचं मला या वेळी फार वाईट वाटलं. ती घरातल्या कडवटपणापासून पळायला कल्पनेचा खेळ खेळते, कुठल्याही वस्तूत भलतंच काहीतरी बघते. जयला आधी ते गोड वाटतं, मग झेपत नाही. आणि एकदा तिचं काम झालं की गोष्ट तिला मागे सोडून पुढे जाते. विमानतळावर बसलेल्या मित्रांना तिची फार फिकीर नाही. तुझ्या बाबतीत ती मुलगी खरी आहे. तिने दोनदा भेटून होकाराकडे पाऊल टाकलं असेल, घरी सांगितलं असेल. ते हेल्मेट कुणाचं, हे तिला माहीतही नसेल. म्हणून तू जे काही करशील ते साखरपुड्याची तारीख ठरायच्या आत कर. आज दोन माणसांना थोडं दुखेल. तारीख ठरल्यावर दोन घरांना दुखेल, आणि सगळ्यात जास्त तिला.

म्हणजे सांगायचं का? हो. वर लिहिलेल्या प्रश्नांची उत्तरं तुला ‘नाही पुरणार’ आणि ‘जवळ सरकावंसं वाटतं’ अशी आली, तर सांग. याच पंधरवड्यात. उत्तरं उलटी आली तर त्याला एवढंच सांग की हेल्मेट बघून मला वाईट वाटलं, आपलं भेटणं कमी होईल याची भीती वाटते. तेही बोलण्यासारखंच आहे आणि जवळच्या मित्राला ते कळेल. आणि दोन-तीन दिवसांनीही नक्की काही कळलं नाही, तर ‘मला नक्की कळत नाहीये, पण तुझं जुळायच्या आत तुझ्या कानावर घालायचं होतं’ असंही सांगता येतं. प्रामाणिक गोंधळ मित्राला सांगण्यात काही गैर नाही.

कसं सांगायचं, यात मी थोडी आग्रही आहे. ग्रुपसमोर नको. ग्रुपमधल्या कुणाच्या सल्ल्याने, कुणाला मध्ये घालून तर अजिबात नको. मेसेज नको, कारण लिहिलेलं तो चार जणांना दाखवेल, आणि त्याने नाही दाखवलं तरी तुला तशी भीती वाटत राहील. तुम्ही दोघं एरवी जिथे बसता तिथे बस, दिवसा. सिनेमाचं नाव काढू नकोस. ‘आपण जय-अदिती आहोत’ असं म्हणालीस की त्यालाही एक ठरलेली भूमिका मिळते, आणि मग तो तुला उत्तर देतोय की त्या शेवटाला, हे दोघांनाही कळणार नाही. तुझ्या शब्दांत सांग. साधारण असं: “तुझं जुळतंय हे कळल्यापासून मी अस्वस्थ आहे. मला तू मित्रापेक्षा जास्त हवा आहेस असं वाटायला लागलंय. तू काय करावंस हे मी सांगत नाहीये. तुला माहीत असावं एवढंच.” मग गप्प बस. तो गप्प राहिला तर ती शांतता तू भरू नकोस, “जाऊ दे रे, गंमत केली” असं तर मुळीच म्हणू नकोस. त्या मुलीबद्दल एक शब्दही वाईट बोलू नकोस. तो म्हणाला वेळ दे, तर दे, पण किती ते विचार. आठवडा ठीक आहे. दोन महिने म्हणजे त्या मुलीला अंधारात ठेवणं झालं, ते तूही चालवून घेऊ नकोस.

जय शेवटी घोड्यावरून विमानतळावर जातो ना, तेव्हा 2008 मध्ये आमच्या थिएटरात शिट्ट्या पडल्या होत्या. मीही टाळ्या वाजवल्या होत्या. या वेळी मात्र राहून राहून वाटलं, हे याने आठवडाभर आधी तिच्या घरी जाऊन सांगितलं असतं तर? आणखी एक खुपलं. आईने ज्या मुलाला हात न उचलणारा म्हणून वाढवलं, त्याने कुणाला तरी बडवल्यावरच तो ‘पूर्ण’ झाला असं गोष्ट ठरवते. अदितीचं ज्याच्याशी लग्न ठरलं होतं त्या सुशांतने तिच्या थोबाडीत मारली हे भयंकरच, तिने त्याला सोडलं हे उत्तमच. पण सावित्रीची इतक्या वर्षांची मेहनत हसण्यावारी गेली, याचं मला वाईट वाटलं. तुझ्या मित्राकडून तुला कुठलाही पराक्रम नको आहे. सरळ उत्तर हवं आहे. तेवढंच माग.

तो ‘नाही’ म्हणाला, तर काही महिने तुमची मैत्री पूर्वीसारखी राहणार नाही. राहील असं नाटक करू नकोस. त्याच्या साखरपुड्याच्या खरेदीला बरोबर जाऊ नकोस, कितीही आग्रह झाला तरी. ग्रुपच्या ट्रिपला एकदा नाही म्हण. तुला मोठं मन दाखवायची घाई नाही. आणि तो ‘हो’ म्हणाला, तर पहिलं काम त्याचं आहे: त्या मुलीला त्याने स्वतः, फोनवरून नव्हे, समोर जाऊन सांगायचं. ते तो टाळत असेल, घरच्यांवर ढकलत असेल, तर त्याकडे नीट लक्ष दे. ते तुला त्याच्याबद्दल बरंच काही सांगेल.

आज मात्र एक छोटं काम कर. ग्रुपमध्ये लिही की हे नाव बदला, मला अवघड होतंय. कारण विचारलं तर सांगू नकोस. रागावतील, चिडवतील, दोन दिवसांनी दुसरं काहीतरी नाव ठेवतील. तोही ते वाचेल. कदाचित नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्याला वाटेल की तुला यावर काहीतरी म्हणायचं आहे.

बोलून झालं की मला पुन्हा लिही. छापायचं नसेल तर पाकिटावर तसं लिही, मी फक्त वाचेन.

तुझी ताई